मास्तरांचं दुसरं बटण

१

मास्तरांच्या डोळ्यातलं तेल पुन्हा पुढे आलं होतं.

मला हे कळलं ते चिंगीच्या आवाजावरून. "दादा, वर ये. गिऱ्हाईक असेल तर बसव," एवढंच ती फोनवर म्हणाली. चिंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. डोळ्याच्या पडद्याची ऑपरेशनं करते. तिच्या खोलीत भल्याभल्यांची बोबडी वळते. मी त्याच इमारतीत तळमजल्यावर चष्मे बनवतो. पेशंटसमोर मी तिला डॉक्टर म्हणतो. एकदा चुकून चिंगी म्हणालो होतो, तर आठवडाभर तिने माझ्याशी अबोला धरला होता.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. त्यांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. उजव्याला तरुणपणी मार लागून मोतीबिंदू झाला, तेव्हाच्या पद्धतीने आतलं भिंग काढून टाकलं आणि नाकावर जाडजूड चष्मा आला. तो चष्मा मीच बनवत आलोय. त्या एका डोळ्यावर त्यांनी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले, मुलीचं लग्न केलं, जावयाला घरात ठेवून घेतलं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी त्याच डोळ्याचा पडदा सुटला. चिंगीने ऑपरेशन करून तो जागेवर बसवला आणि तिथेच टिकावा म्हणून डोळ्यात सिलिकॉनचं तेल भरलं. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीला मुलगी झाली.

हे तेल काही फोडणीचं नव्हे, पण स्वभाव तोच. पाण्यावर तरंगायचं. माणूस पालथा झोपला की तेल वर जातं, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूला, आणि पडद्याला टेकू देतं. तोच माणूस उताणा झोपला की तेल पुढे येतं, बुबुळाला चिकटतं, डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतं आणि आतला दाब चढतो. ज्याचं भिंग शाबूत आहे त्याला मध्ये एक भिंत तरी असते. मास्तरांना तीही नव्हती. म्हणून हुकूम एकच होता: पालथं झोपा, कुशीवर झोपा, उताणं कधीही नाही.

मी वर गेलो तेव्हा मास्तर डोळे तपासायच्या मशीनसमोर हनुवटी टेकवून बसले होते. अंगात बाहेर जायचा पांढरा शर्ट, कडक इस्त्री, सगळी बटणं लावलेली. फक्त छातीच्या मधोमध एक डाग वाळून पिवळट झाला होता. शेजारी काकू, म्हणजे त्यांची बायको. दारापाशी जावईबापू, शाळेची बस चालवणारे, सहा फूट उंच आणि आवाज मात्र उंदराचा. मुलीच्या खांद्यावर ते नवीन माणूस होतं, ज्याला सगळे ठमी म्हणत. ठमीच्या गालावर एक लालसर गोल वण होता, आत बारीक ठिपके.

"हे काय चावलं हिला?" मी विचारलं.

"मुंगी असेल," मुलगी म्हणाली. "गेल्या महिन्यातही दोनदा उठलं होतं. मलम लावलंय."

चिंगीने ठमीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मशीनला डोळा लावला. "दाब चाळीसच्या वर आहे, वीसच्या आत हवा. पंधरा दिवसांपूर्वी असंच झालं होतं. दोन दिवस इथे पालथं ठेवलं, तेल मागे गेलं, दाब उतरला, मी घरी सोडलं. आणि आज पुन्हा तेच. मास्तर, खरं सांगा. उताणे झोपता का?"

"छे छे," मास्तर म्हणाले. "एक मिनिटसुद्धा नाही."

"डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतो हो आम्ही," काकू म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन स्वतःच कपाळाला हात लावला.

मास्तरांना वॉर्डात नेऊन पालथं झोपवलं. चिंगीने मला बाहेर ओढलं. "पहिला संशय मी माझ्यावरच घेतला. अशा डोळ्यात बाहुलीच्या खालच्या अंगाला आम्ही एक बारीक खिडकी ठेवतो, पाण्याला ये-जा करायला. ती बुजली असती तर चूक माझी. पण खिडकी उघडी आहे, स्वच्छ. इथे तेल मागे जातं आणि घरी गेलं की पुढे येतं. म्हणजे भानगड घरात आहे."

"तिसऱ्यांदा झालं तर?"

"बुबुळ ढगाळ होईल, मागची नस मरायला लागेल. मग तेल वेळेआधी काढावं लागेल. पडदा अजून कच्चा आहे, तो पुन्हा सुटला तर दुसरा डोळा आहे कुठे त्यांना?" तिने वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. "त्यांनी नातीला अजून धड पाहिलेलंही नाही, दादा. या माणसांपैकी कुणीतरी माझ्याशी खोटं बोलतंय."

मागून कुणीतरी खाकरलं. जावईबापू उभे होते, चेहरा पांढराफटक.

"डॉक्टर," ते म्हणाले, "गुन्हा माझा आहे."

२

चौकशी माझ्या दुकानात झाली, कारण चिंगीच्या खोलीत लोक खरं बोलत नाहीत, नुसते घाबरतात. माझ्याकडे स्टूल आहे, आरसा आहे आणि चहा मिळतो.

जावईबापूंनी चहाला हातही लावला नाही. "रविवारी मी बाबांना दाढी करायला नेलं. न्हाव्यानं खुर्ची मागे पाडली. पार मागे. मी बघत होतो आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. अर्ध्या दाढीला आठवलं तेव्हा ओरडलो. न्हाव्याचा वस्तरा हलला. बाबांच्या हनुवटीवर कापलंय ते त्यामुळे."

"किती वेळ आडवे होते?"

"दहा मिनिटं. फार तर."

"आणि पंधरा दिवसांपूर्वी? तेव्हाही न्हावी?"

"नाही. तेव्हा मीच घरी केली होती, बसवून."

"मग तुम्ही सुटलात," चिंगी म्हणाली. "दहा मिनिटांत पुढे आलेलं तेल बसल्यावर मागे जातं. हे रोजचं आहे, आणि बराच वेळ चालणारं आहे. दुपारी कुठे असता तुम्ही?"

जावईबापू आणखी पांढरे झाले. सकाळची फेरी आणि संध्याकाळची फेरी, मध्ये दुपारभर सुट्टी असते. ती ते बस उभी करतात तिथे, बसच्याच मागच्या सीटवर काढतात. "घरी गेलो तर दार वाजतं, बाळ उठतं, बायको उठते. तिला वाटतं मला दुपारी फेरी असते. तुम्ही सांगू नका हं."

एवढा मोठा देह एवढंसं पाप पोटात ठेवून बसला होता. मला त्याची दया आली.

दुसऱ्या आल्या काकू. माझा संशय खरं तर त्यांच्यावरच होता आणि मी चिंगीला तसं कुजबुजलोही होतो. काकू माया करतात आणि ऐकत नाहीत. असा माणूस फार धोकादायक. दोन प्रश्नांत त्या फुटल्या.

"मी रात्री त्यांच्या नाकाखाली बोट धरते."

"कशाला?"

"अहो, पालथा माणूस उशीत तोंड खुपसून झोपलेला! श्वास चालू आहे की नाही कसं कळणार? बोटाला वारा लागला की मला झोप येते. एकदा त्यांना शिंक आली, तर मी पलंगावरून खाली पडले."

"पण उताणं केलंत कधी?"

"मी? लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांना मी कधी काही करायला लावू शकले का?" काकूंनी डोळे पुसले. "रात्रभर माझा हात त्यांच्या पाठीवर असतो. वळले तर पहिली मी जागी होईन."

"म्हणजे रात्र नाही," चिंगी माझ्याकडे बघून म्हणाली. "सकाळी?"

"सकाळी मी आणि लेक घरातच असतो. संध्याकाळी ते ओटीवर मान खाली घालून बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायजम्यांची सळसळ ऐकून कुणी शिवलेत ते ओळखतात. दुपारी मी दुकानात असते. शिवायचं बंद आहे, पण लोकांचे कपडे द्यायचे राहिलेत ना."

राहिली दुपार. आणि दुपारी घरी असायची ती मुलगी.

ती आत आली तीच रडत. ठमी तिच्या मांडीवर टक्क जागी होती आणि माझ्या दुकानातल्या चष्म्यांकडे बघत होती.

"माझ्यामुळेच झालं असणार," ती म्हणाली. "मी दुपारी झोपते. मेल्यासारखी झोपते. बाबा पलीकडच्या खोलीत काय करतात, कसे झोपतात, मला काहीसुद्धा माहीत नसतं."

"आणि ठमी?"

"तिचा पाळणा बाबांच्या खोलीत आहे. ते म्हणाले, तू झोप, मी पालथ्या पालथ्या दोरी ओढतो, तेवढंच मला काम. आधी ही दुपारी डोळ्याला डोळा लागू द्यायची नाही. तीन आठवड्यांपासून छान दोन-दोन तास झोपते. मधले दोन दिवस बाबा इथे होते तेवढेच पुन्हा रडून गोंधळ." तिने नाक ओढलं. "इतकी गाढ झोप लागते मला की पाळण्याचा आवाजसुद्धा येत नाही."

चिंगीच्या हातातला कप बशीपर्यंत गेला आणि अधांतरी थांबला.

"उद्या ऑपरेशनं आहेत. परवा मी तुमच्या घरी येते," ती म्हणाली.

३

घर म्हणजे रस्त्याला लागून दुकान आणि मागे तीन खोल्या. मास्तर वॉर्डात पालथे होते. दाब उतरायला लागला होता, पण चिंगीचं उतरलेलं तोंड काही वर येत नव्हतं.

मास्तरांची खोली लख्ख होती. पलंग, पलंगाच्या उशाला, कडेबाहेर काढलेल्या फळीवर, कपाळ टेकवायला काकूंनी शिवलेली कडी-उशी, मध्ये भोक असलेली. पलंगाच्या पायाशी लोखंडी कडीला टांगलेला पाळणा, त्याची दोरी पलंगाच्या खुराला बांधलेली. दोरीची गाठ अगदी व्यवस्थित होती. मी ती हातात धरून पाहिली. रोज ओढलेली दोरी हाताला गुळगुळीत लागते. ही दुकानातून आणल्यासारखी खरखरीत होती.

चिंगीने पाळण्याला हलकेच झोका दिला.

जी काही किंकाळी त्या कडीतून निघाली! माझ्या दाढा शिवशिवल्या. पलीकडच्या खोलीतून ठमीने सूर धरला आणि मुलगी तिला घेऊन धावत आली.

"हा आवाज तुम्हाला झोपेत येत नाही?" चिंगीने विचारलं.

मुलगी पाळण्याकडे बघत राहिली. "सुरुवातीला यायचा," ती हळूच म्हणाली. "त्याच आवाजाने तर ही उठायची. मग... मला वाटलं बाबांनी तेल सोडलं असेल कडीत."

"या घरात तेल नको तिथेच जातंय," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

चिंगीने काकूंना मास्तरांचे घरात घालायचे शर्ट दाखवायला सांगितले. काकू कचरल्या. मास्तर स्वतःच्या कपड्यांना कुणाला हात लावू देत नाहीत, धुतात स्वतः, इस्त्री स्वतः, डोळ्यात तेल असलं तरी. कपाटात चार शर्ट टांगलेले होते. निळा, राखाडी, दोन चौकड्यांचे. चिंगीने एकेक खिडकीपाशी नेला.

चारही शर्टांना वरून दुसरं बटण नव्हतं.

तुटलेलं नव्हतं. कापून काढलेलं होतं, कापडाला धक्का न लागू देता, दोरे आतून नीट गाठून. असं काम कात्रीवर आयुष्य काढलेला माणूसच करतो, आणि हाताच्या अंदाजाने करतो.

"अगं बाई!" काकू पलंगावर बसल्याच. "मला म्हणाले उकडतं, म्हणून वरचं उघडं ठेवतो. मी म्हटलं म्हातारपणी फॅशन सुचलीय. ह्यांच्या शर्टाला बटण नाही? दुसऱ्याचं लोंबणारं बटण दिसलं तर रस्त्यात थांबवून शिवून देणारा माणूस!"

"बटणं कुठे असतील?"

ती कपाटाच्या तळाशी एका पत्र्याच्या डबीत निघाली. चार बटणं, एका दोऱ्यात ओवलेली.

चिंगीने मुलीला एकच प्रश्न विचारला, अगदी सहज. "ठमीच्या गालावर तो वण गेल्या महिन्यात उठला तो कधी? तुम्हाला दुपारची झोप मिळायला लागली तेव्हाच का?"

"हो. पहिल्याच दोन दिवसांत. मग नाही उठला. परवाच पुन्हा. परवा बाबांची तपासणी होती, ते जेवल्याबरोबर बाहेरचा शर्ट घालून तयार होऊन बसले होते, आम्ही चारला निघालो..." ती बोलता बोलता थांबली, पण धागा तिच्या हाताला लागला नाही. "का हो?"

"काही नाही. मुंगी नव्हती एवढं नक्की," चिंगी म्हणाली.

परतताना रस्त्यात ती एक शब्द बोलेना. लहानपणापासून हिची ही खोड. उत्तर सापडलं की ताकास तूर लागू द्यायची नाही. शेवटी मीच म्हणालो, "रात्र नाही, सकाळ नाही, संध्याकाळ नाही. दुपारी काकू दुकानात, जावई बसमध्ये, मुलगी झोपलेली. घरात जागे एकटे मास्तर. मग त्यांना उताणं केलं कुणी?"

"दादा," ती म्हणाली, "तू एक माणूस मोजलंच नाहीस."

४

मास्तर वॉर्डातल्या शेवटच्या पलंगावर पालथे होते. कपाळ पलंगाबाहेर काढलेल्या कडी-उशीत, तोंड जमिनीकडे. चिंगीने स्टूल ओढलं नाही. ती सरळ फरशीवर, त्यांच्या तोंडाखाली मांडी घालून बसली, म्हणजे त्यांना मान वळवावी लागू नये. मीही गुडघ्यांना शिव्या देत शेजारी बसलो. तिने दोऱ्यात ओवलेली ती चार बटणं त्यांच्या लोंबत्या हातात ठेवली.

मास्तरांनी ती बोटांनी मोजली.

"कपाटापर्यंत पोचलात म्हणजे," ते म्हणाले.

"परवाच्या पांढऱ्या शर्टाला पाचवं आहे," चिंगी म्हणाली. "त्याच्यावर छातीच्या मधोमध लाळेचा डाग आहे. बाळाला उभं धरलं की लाळ खांद्यावर पडते, मास्तर. मधोमध पडते ती बाळ छातीवर पालथं निजलं तर. आणि बाळ छातीवर पालथं निजायचं, तर खालचा माणूस उताणा पाहिजे."

मास्तरांनी बटणं मुठीत घेतली.

"ठमीच्या गालावर गोल वण होता, आत चार ठिपके. बटणाला चार भोकं असतात. एवढा वण उठायला डोक्याचा भार तासभर तरी एका जागी पाहिजे. पहिल्या दोन दिवसांत तो उठला, तुमच्या लक्षात आलं, काकूंनी सांगितलं असेल गालाला काही चावलंय म्हणून. तुम्ही घरच्या शर्टांची बटणं कापलीत. वण थांबला. परवा तपासणीसाठी आधीच बाहेरचा शर्ट चढवलात, आणि तो शर्ट कापायचं राहिलं होतं. पाळणा तीन आठवडे हललेला नाही. तुम्ही इथे होतात ते दोन दिवस ठमी झोपली नाही. आता तुम्ही सांगा, की मीच सांगू पुढचं?"

"पुढचं तुम्हाला माहीत नाही," मास्तर जमिनीला म्हणाले.

मग ते बोलायला लागले, खालच्या आवाजात. तीन आठवड्यांपूर्वी पाणी प्यायला उठले होते. स्वयंपाकघरात मुलगी ओट्याला टेकून उभी होती आणि रडत होती. त्यांना दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. तिला वाटलं कुणी नाही. ती स्वतःशीच म्हणत होती, मला एक तास झोप द्या, कुणीतरी फक्त एक तास द्या.

"लहानपणी तिला ताप आला की माझ्याच छातीवर झोपायची ती. पाळण्यात नाही, आईजवळ नाही. मी म्हटलं, हिची पोरही हिच्यावरच गेली असेल. ठेवून बघितली. दोन मिनिटांत झोपली हो!" पालथ्या तोंडानेही त्यांना हसू आवरेना. "मग मला हलता येईना. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारच्या दुपार मी त्या छताकडे तोंड करून पडलेला, आणि पलीकडे माझी पोर घोरतेय. घोरते ती, सांगू नका."

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला, उताणं झोपलात तर डोळा जाईल म्हणून?" चिंगीचा आवाज कापला. तिला राग आला की रडू येतं, आणि रडू आलं की आणखी राग येतो.

"सांगितलं होतंत. मी हिशोब केला. माझा एक म्हातारा डोळा. तिचं अख्खं आयुष्य पुढे पडलंय. आणि खरं सांगू का डॉक्टर? ठमी मला दिसत तरी कुठे होती? जुना चष्मा लावला की सगळं फुटकं दिसतं, काढला की धुकं. मला तिचं वजन माहीत आहे, वास माहीत आहे. केस किती वाढले ते हाताला कळतं. छातीवर असली की असं वाटतं, हां, आता भेटलो. आता तुम्ही तेही काढून घेणार."

मी खाली बघितलं. जुना चष्मा माझ्याच हातचा होता. डोळ्यात तेल असलं की नंबर पार बदलतो. भिंग नसलेल्या डोळ्यात ते तेल स्वतःच अर्ध्या भिंगाचं काम करतं, आणि जुना जाड चष्मा दुप्पट जाड होऊन बसतो. पण तेल आज ना उद्या निघणार, नंबर पुन्हा फिरणार, म्हणून मधल्या काळात आम्ही नवा चष्मा देत नाही. आमच्या धंद्याची ही पद्धत आहे. शहाणपणाचीच आहे.

"मुलीला सांगू नका," मास्तर म्हणाले. "तिला कळलं की तिच्या झोपेपायी बापाचा डोळा गेला असता, तर ती जन्मात डोळा मिटणार नाही."

"नाही सांगणार," चिंगी म्हणाली. "तुम्ही सांगायचं."

"मी?"

"या घरात प्रत्येकजण दुसऱ्याला त्रास नको म्हणून काहीतरी लपवतोय. एक बसमध्ये झोपतोय, एक नाकाखाली बोट धरतेय, एक ओट्याला टेकून रडतेय. आणि तुम्ही या सगळ्यांचे मास्तर. तुम्ही बोललात तरच हे थांबेल. नाहीतर मी तेल शंभरदा मागे ढकलीन आणि तुम्ही शंभरदा पुढे आणाल." तिने त्यांचा हात धरला. "उद्या सगळ्यांना बोलावते."

५

मास्तरांनी सांगितलं. वळसे घेत, खोकत, मध्येच ठमीच्या झबल्याच्या मापाबद्दल बोलत, पण सांगितलं.

मुलगी खाली बसून ऐकत होती. मला वाटलं आता बांध फुटणार. पण ती उठली आणि बापाच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला आवाज येण्याइतका.

"तुमचा डोळा घालवून मला झोप लागली असती, बाबा? मला एक तास हवा होता. तुमच्याकडे मागितला होता का मी?"

"तू कुणाकडेच मागितला नव्हतास," मास्तर फरशीकडे बघत म्हणाले. "तीच तर पंचाईत होती."

यावर मुलगी रडली, आणि काकू रडल्या, आणि जावईबापू इतके रडले की त्या भरात बसच्या मागच्या सीटची गोष्ट त्यांच्या तोंडून निसटलीच. मुलगी डोळे पुसता पुसता त्यांच्याकडे वळली.

"म्हणजे रोज दुपारी तुम्ही मोकळे असता?"

त्या क्षणी त्या घरातला दुपारचा प्रश्न सुटला. घरात उताणं झोपायची मुभा असलेला दुसरा पुरुष सापडला होता, आणि त्याची छाती मास्तरांच्या दुप्पट रुंद होती. मास्तरांनी फक्त एक अट घातली. जावयाच्या शर्टांची दुसरी बटणं ते स्वतः काढणार.

चिंगीने मात्र मास्तरांचा चेहरा पाहिला होता. संध्याकाळी ती माझ्या दुकानात आली आणि काउंटरवर एक कागद ठेवला. मास्तरांच्या डोळ्याचा तेलासकटचा नंबर होता, तिने स्वतः काढलेला.

"तेल अजून दोन महिने राहील," ती म्हणाली. "मग हा चष्मा कचरा."

"माहीत आहे."

"पद्धत नाही आपली, तेही माहीत आहे मला. कपाळ टेकवतात तिथपासून जमिनीवरच्या गादीपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच दिसलं तरी पुरे. जमेल?"

"चिंगे," मी म्हणालो, "मला शिकवतेस?"

दुकानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून तिने चालवून घेतलं.

चष्मा घेऊन आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मास्तर परत आले होते. तेल मागे गेलेलं, दाब ताळ्यावर. ते पलंगावर पालथे, कपाळ कडी-उशीत. कडीखाली काकूंनी जमिनीवर मऊ गादी घातली होती. मी जमिनीवर आडवा होऊन, खालून हात घालून, चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. मागून त्याला इलास्टिक लावलं होतं, पडू नये म्हणून. मुलीने ठमीला आणून गादीवर ठेवलं. उताणं.

ठमी पाय झाडत वर बघत होती. छतातून एक चष्मा लावलेलं तोंड उगवलंय याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही.

"दिसतंय का, बाबा?" मुलीने विचारलं.

मास्तरांनी कडीतच मान किंचित तिरकी केली.

"झबल्याचा गळा तिरका कापलाय," ते म्हणाले. "कुणी शिवलं हे?"

"मी," काकू म्हणाल्या. "चूक झाली. आता मुकाट्यानं बघा नातीकडे."

ते बघत राहिले. पालथ्या माणसाचे अश्रू गालावरून ओघळत नाहीत. भिंगात साठतात, आणि भिंग भरलं की सरळ खाली पडतात. एक थेंब ठमीच्या गालावर पडला, वण होता साधारण त्याच जागी. तिने डोळे मिचकावले, ओठ मुडपले, रडायचं की नाही याचा विचार केला आणि हसली. मुलगी पुसायला वाकली, तर चिंगीने तिचा हात धरला.

"राहू दे," चिंगी म्हणाली. आणि आमची डॉक्टर स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तेल ठरल्या वेळी निघालं. पडदा टिकला. मास्तरांना मी नवा नंबर दिला आणि म्हणालो, तो मधला चष्मा द्या इकडे, त्यातून आता तुम्हाला काहीसुद्धा दिसणार नाही, फ्रेम तरी कामाला येईल.

मास्तरांनी दिला नाही. बटणं शर्टांना परत लागली होती, त्यामुळे ती पत्र्याची डबी रिकामी होती. त्यांनी चष्मा तिच्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबी कपाटात सरकवली.